आंबट बिअरचं चांगलं पुस्तक

"हेही पुस्तक भिकार निघालं!" काकांनी ते जाडजूड पुस्तक दुकानाच्या टेबलावर आपटलं. आपटण्याआधी मात्र तिथली जागा त्यांनी रुमालाने नीट पुसून घेतली.

जुन्या पुस्तकांच्या दुकानाची मालकीण गालातल्या गालात हसली. रानटी, आंबट बिअर घरी कशी करावी, या विषयावर तिच्याकडे आलेलं प्रत्येक पुस्तक काकांनी नेलं होतं आणि प्रत्येक असंच परत आणून आपटलं होतं. काका इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खात्यातून निवृत्त झालेले. आपण उकळलेल्या चिमट्यावर कधी जंतू सापडला नाही, हे ते ओळख झाल्या झाल्या सांगून टाकत. पुस्तकसुद्धा मालकिणीने आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, तेव्हा कुठे ते हातात घेत.

"यात काय खोट निघाली, काका?"

"म्हणे जवाचा काढा उघडा ठेवा, हवेतलं यीस्ट आपोआप येऊन बसेल. कुठे बसतंय? वाट बघून माझे डोळे शिणले! या माणसाने आयुष्यात बिअर केलेली नाही."

ऐकणाऱ्याला गंमत वाटेल, पण काकांचा जीव टांगणीला लागला होता. लेक हिवाळ्यात स्वतःचं छोटंसं बिअरघर उघडणार होती. त्यातला एक नळ बाबांच्या बिअरचा, असं तिने सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं, आणि काकांनी छाती फुगवून मान डोलावली होती. परवा मात्र तिने फोनवर हळूच म्हटलं, "बाबा, नाही जमलं तर राहू द्या. मी मागवेन बाहेरून." ते काकांना फार लागलं. लेकीने चिडावं, भांडावं, पण असं सांभाळून घेऊ नये.

तसे काका कष्टात कुठे कमी नव्हते. जवाचा गोड काढा ते पुस्तकात लिहिल्याबरहुकूम उकळत आणि खिडकीपाशी उघडा ठेवत. फक्त त्याआधी खोली फिनाइलने पुसत, भिंतीही पुसत, पंख्याची पाती धूत आणि खिडकीला बारीक जाळी ठोकत.

"अहो, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि दाराला कुलूप घालायचं, असं चाललंय तुमचं," काकू म्हणत.

"घाण वेगळी आणि यीस्ट वेगळं. तुला नाही कळायचं," काका म्हणत आणि पुन्हा फडकं पिळत.

या वेळी मालकिणीने जिन्याखालच्या कपाटात हात घालून एक जुनाट पुस्तक ओढून काढलं. वर पिंपाचं चित्र. भाषा कुठली, ते दोघांनाही कळेना. धूळ इतकी की मालकीण लागोपाठ शिंकली.

"शेवटचंच आहे, काका. आणि स्पिरिट संपलंय."

काकांनी मेलेला उंदीर न्यावा तसं ते पिशवीत घालून, हात लांब धरून घरी नेलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि तसेच स्पिरिट आणायला औषधाच्या दुकानात पळाले.

परत आले तर काढ्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून तेच पुस्तक!

"अगं, काय केलंस हे!"

"माशी घोंघावत होती. झाकण कुठाय म्हटलं, तर तुम्ही ते उकळत ठेवलेलं. दिसलं ते ठेवलं."

काकांनी पुस्तक उचललं. काढ्यावर करडी धूळ तरंगत होती. पातेलं उचलून ते मोरीकडे निघाले, तशा काकू आडव्या आल्या.

"राहू द्या चार दिवस. तुमच्या त्या स्वच्छ काढ्याने तरी कोणते दिवे लावले?"

काकांनी पातेलं खाली ठेवलं आणि रुसून झोपायला गेले.

दोन-तीन दिवसांनी काढ्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग नुसता फेस. काका खुर्ची घेऊन समोर बसले, ते काकूंनी जेवायला ओढून नेईपर्यंत उठले नाहीत. पुढे काढा बरणीत गेला. आधी त्याला ओल्या मोज्यांचा वास आला, तेव्हा काकांनी काळीज घट्ट केलं. उन्हाळा सरता सरता हिरव्या सफरचंदाचा आला. हिवाळ्याच्या तोंडावर लेकीने घोट घेतला. आंबटपणाने तिचा एक डोळा मिटला, चेहरा वाकडा झाला, आणि तिने पेला पुन्हा पुढे केला.

"बाबा, नळ तुमचाच."

काकांना हुंदका आला. तो त्यांनी खोकल्यात लपवला.

दुसऱ्या दिवशी ते एक बाटली घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. पहिल्यांदाच त्यांच्या हातात परत करायचं पुस्तक नव्हतं.

मालकिणीने चव घेतली आणि खूश झाली. "म्हणजे एकदाचं चांगलं पुस्तक सापडलं म्हणायचं! पण ती भाषा कोणी वाचून दिली?"

"वाचायचं राहूनच गेलं," काका म्हणाले. "त्याच कपाटातलं अजून एक द्या. विषय कुठलाही चालेल."

तिने पुस्तक काढलं आणि सवयीने स्पिरिटच्या बोळ्याकडे हात नेला. काकांनी झटकन स्पिरिटची बाटली बाजूला सरकवली.

"अंहं! पुसायचं नाही."