मदत

मातीच्या भांड्यात भाजलेला ब्रेड घेऊन उज्वला कॉलेज रोडच्या कॅफेत गेली. पसंत पडला, तर रोजची ऑर्डर मिळणार होती. मालकाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, साबण लागतोय. ऑर्डरचं राहू द्या."

ती तणतणतच घरी आली. "मातीच्या भांड्याला साबण कुणी लावला? माती साबण पिते, शंभरदा सांगितलंय!"

"मीच घासलं काल रात्री," नवरा, रविराज, म्हणाला. "म्हटलं, तेवढीच मदत."

सासूबाई लगेच कडाडल्या. "भांडी घासणारा नवरा मिळालाय, नशीब समज! वर त्यालाच बोलतेस?"


काल रात्री सिंकमधल्या ढिगातून त्याने तेवढं एकच भांडं घासलं होतं. बाकीची सकाळी उज्वलानेच घासली.