गाळलेलं सूप

"आत सगळा पाला आहे," डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

बाकावर बसलेला बाप उठून उभा राहिला.

"पाला आणि जवसाचे दाणे. दुर्बिणीतून आतड्याच्या भिंती दिसतच नाहीत. काल दिवसभर फक्त पाणी आणि गाळलेलं सूप, असं बजावलं होतं ना? मग हे तिच्या पोटात गेलं कसं?"

"सूप गाळलं होतं," बाप म्हणाला. "चांगलं फडक्यातून. मग त्यात पाला वाटून घातला."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "का?"

"रोजच देतो. नेमका आदल्या दिवशी खंड कसा पाडायचा? पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी जास्तच अभ्यास करतात की."

पाला म्हणजे पुदिना, कोथिंबीर आणि लसणाची पात. जुने जाड पाइप कापून केलेल्या कुंड्यांत त्याने तो गॅलरीभर लावला होता. वाटताना त्यात आलं, हळद आणि मूठभर जवस जायचं. हे रोज खाल्लं की मोठ्या आतड्याचा कॅन्सर जवळ फिरकत नाही, असं कधीतरी कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. बायको त्याच आजाराने गेली, त्याला वर्ष होत आलं. आईला होता म्हणजे लेकीने चाळिशीची वाट न बघता तपासून घ्यायचं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. लेक आज करू, उद्या करू म्हणत राहिली. शेवटी कशीबशी तयार झाली, तर हे असं.

"तुम्ही काम काय करता, काका?"

"प्लंबर आहे."

"मग मी काय सांगू तुम्हाला? तुंबलेल्या पाइपात बॅटरी मारून तडा दिसतो का?"

बापाने मान खाली घातली. गिऱ्हाइकं मोरीत पावडर ओतून मोकळी होत, तेव्हा तोच त्यांच्यावर ओरडायचा, "अहो, पावडरीने वास जाईल. तडा कसा बुजेल? आधी उघडून बघू द्या."

"पाला वाईट नाही हो," डॉक्टरबाई जरा नरमल्या. "जेवणात खा, चांगलंच आहे. पण तो खातो म्हणून आत बघायचं टाळू नका. पुन्हा तारीख घ्या."

आत लेक कुशीवर पडून होती. भुलीचं औषध पुरतं उतरलं नव्हतं. बाप स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"माझ्यामुळे घोळ झाला गं. तुझ्या सुपात मी..."

"कळलं होतं मला."

"कधी?"

"पहिल्याच घोटाला. पुदिन्याचा वास लपतो का, बाबा?"

"मग ओतायचं होतंस मोरीत! प्यायलीस कशाला?"

लेक हळूच म्हणाली, "तपासणी फसावी म्हणून. बघितलंच नाही, तर काही नाहीये असं धरून चालता येतं ना."

बाप तिला रागावणार होता. पण असं धरून चालणं त्याला नवं नव्हतं.

"तुझ्या आईलाही रोज द्यायचो," तो म्हणाला. "आजाराच्या कितीतरी आधीपासून. मी काय शेळी आहे का, म्हणायची. पण खायची बिचारी."

वर्षभरात हे तो पहिल्यांदाच बोलला. लेकीने त्याचा हात धरला.

"माहितीये मला. आणि तुम्ही, बाबा? तुमची कधी झाली तपासणी?"

मला काय धाड भरलीय, असं तो एरवी म्हणाला असता. तो उठला आणि बाहेर काउंटरवर गेला.

"दोघांची तारीख द्या," तो म्हणाला. "एकाच दिवशी. बापाची आधी."

ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी घरात चूल सुपापुरतीच पेटली. बायको गेल्यापासून लेक-जावई त्याच्याकडेच राहत होते. सूप जावयाने केलं, जावयानेच गाळलं, आणि सासऱ्याला स्वयंपाकघरात पाऊलही ठेवू दिलं नाही. मग दोघांनी पोट साफ करायचं ते खारट औषध नाक दाबून प्यायला सुरुवात केली. तासाभराने खरी पंचाईत उभी राहिली.

"प्लंबरचं घर आणि संडास एकच?" लेक दारावर थापा मारत ओरडली. "बाबा, आटपा!"

"लोकांचे करता करता आपला राहिला!" आतून उत्तर आलं.

जावई धावत जाऊन शेजाऱ्यांच्या घराची किल्ली घेऊन आला. बापाच्या घरात वर्षभर कुणी असं हसलं नव्हतं.

सकाळी बापाला आधी नेलं, त्याच्यामागून लेकीला. बापाची झोप मोडायला वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा सगळं अंधुक दिसत होतं. शेजारच्या खाटेवर लेक उठून बसली होती आणि दोन्ही खाटांच्या मधे डॉक्टरबाई उभ्या होत्या.

"एक गाठ होती," त्या म्हणत होत्या. "वाटाण्याएवढी. तिथल्या तिथे काढून टाकली. तपासायला पाठवतेय, पण दिसायला साधीच आहे. आणखी काही वर्षं राहिली असती, तर मात्र अवघड झालं असतं."

लेक तोंडावर हात ठेवून रडत होती.

बाप उठायला गेला. अंग हलेना, जीभ वळेना. सगळा जोर लावून त्याने विचारलं, "कुणाची गाठ?"

"तुमची, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिचं सगळं स्वच्छ आहे."

"माझी होय!" बाप म्हणाला, आणि हुश्श करून पुन्हा झोपी गेला.