वर म्हणजे हो

"परत सांगते. नजर वर गेली की हो. डोळे मिटले की नाही," दिपिका मॅडम म्हणाल्या. "आणि एकदा ठरली की खूण बदलायची नाही. बदललीत, तर पोर आतल्या आत अडकून बसेल. मग त्याचं म्हणणं कुणालाच कळणार नाही."

पेणच्या हॉलमध्ये आईबाप पंख्याखाली गोल करून बसले होते. कुणाचं पोर बाईकवरून पडलेलं, कुणाच्या डोक्यात ताप गेलेला. मॅडम दर शनिवारी रोह्याहून यायच्या. पोराला कुशीवर कसं वळवायचं, ठसका न लागता पेज कशी भरवायची, सगळं शिकवायच्या. आता नजरेनं बोलायचं चाललं होतं.

निडीच्या गोदूबाईनं नातवाला मांडीवर घेतलं. "साईराज, भूक लागली का रे?"

पोराची मान लुळी. नजर भिंतीवर.

"ह्याला काय कळत नाय वो बाई."

"कळतंय त्याला," मागून हरेश म्हणाला. "आत्ता गेली होती नजर वर. जराशीच. परत विचारा."

गोदूबाईनं परत विचारलं. या वेळी सगळ्यांनी बघितलं. केसभर वर गेली. गोदूबाईनं पदर तोंडाला लावला आणि मुसमुसायला लागली.

"मला नाही दिसलं, तुम्हाला कसं दिसलं हो?" मॅडमनी विचारलं.

"आमचा धंदाच तो."

हरेश हमरापूरच्या कारखान्यात गणपतीची आखणी करायचा. म्हणजे डोळे काढायचा. मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे. एका श्वासात एक रेघ. त्याचा ब्रश टेकला की कुणी हाक मारायची नाय, जवळ जायचं नाय, हे तिथल्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं. त्याची रेघ कधी चुकली, असं कुणी बघितलं नव्हतं.

सुरभी त्याची एकुलती एक. नऊ वर्षांची. गणपतीच्या आधी, ऐन घाईत, कारखान्याच्या माळ्यावरून पडली. हरेश तेव्हा टपरीवर चहाला गेला होता. आवाज ऐकून धावत आला. हे त्यानं पहिल्या दिवशी एकदा सांगितलं. परत सांगायला त्याला कुणी लावलं नाही.

गेल्या शनिवारी त्यानं तिला रिक्षानं इथे आणलं होतं. मॅडमनी स्वतः तिच्या कानाशी वाकून खूण सांगितली होती. वर म्हणजे हो.

"सुरभी काय म्हणते? देते का उत्तर?"

"नाय मॅडम. मी जवळ बसलो की डोळेच मिटून घेते."

"बापाजवळ निवांत वाटत असंल पोरीला," नाक पुसत गोदूबाई म्हणाली.

"तिच्या आईला आणा ना एकदा. नुसता निरोप आणताय तिचा," मॅडम म्हणाल्या.

"ती दमते ओ. मी शिकतो, घरी जाऊन तिला शिकवतो."

"बघा, याला म्हणतात नवरा," जिते गावचा निलेश म्हणाला. "नायतर आमची बाय. बोलते, तूच जा, नायतरी घरी बसून काय उजेड पाडतोस?"

सगळे हसले. मॅडमसुद्धा.

क्लास सुटला तरी हरेश थांबला. खुर्च्या गोळा करायला लागला.

"मॅडम, ह्या पोरांना आधीचं आठवतं का? म्हणजे, पडली तेव्हाचं?"

"काहींना आठवतं. धीर सोडू नका. विचारत राहा. एक दिवस सगळं सांगेल बघा ती."

हरेश हातातली खुर्ची धरून तसाच उभा राहिला. मॅडमनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्यांचेही डोळे भरून आले होते.

मिनीडोर रिक्षातून उतरून तो कारखान्याच्या पडवीतून घराकडे गेला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. अजून डोळे न काढलेल्या. पूर्वी तो येताजाता त्यांना हात लावायचा. हल्ली खाली बघून चालायचा. डोळे नसलेलं कुणी बघत नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तरी दारापर्यंत मान वर व्हायची नाही.

घरात त्याची बायको पूजा सुरभीच्या खाटेजवळ बसली होती. पुढ्यात एक मूर्ती. सोंड, पितांबर, मुकुट, सगळं रंगवलेलं. एक डोळा अगदी देखणा. दुसऱ्या डोळ्याची रेघ मात्र गालावरून सटकन सोंडेपर्यंत उतरलेली.

"माळ्यावर होती. गोणीत बांधून, पार मागं."

हरेश चपला काढत होता. "असंल कुणाची जुनी."

"जुनी नाय. त्याच ऑर्डरीतली हाय. सुरभी पडली त्या दिवसाची." पूजानं मूर्तीचा गाल पुसल्यासारखा केला. रेघ पक्की वाळलेली होती. "आणि रेघ तुमची हाय. मी ओळखत नाय व्हय? तुमचा हात कसा काय हलला? कोण आलं होतं जवळ?"

त्यानं माठातलं पाणी घेतलं आणि न पिता तसंच ठेवलं.

पूजानं मूर्ती बाजूला सरकवून विचारलं, "आज काय शिकवलं मॅडमनी?"

"नजरेनं बोलतात पोरं. वर बघायचं, नायतर डोळे मिटायचे."

पूजा उठली. सुरभीच्या केसांवरून हात फिरवला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. सुरभीचे डोळे मिटलेले होते. आईचा हात लागला तसे उघडले.

"सुरभी, माझ्याकडं बघ गो बाळा. तू पडलीस तेव्हा बाबा होता का तिथं?"

सुरभीची नजर वर गेली. केसभर नाही, चांगली वर. आढ्याला लागली आणि तिथंच राहिली. खाली येईना.

पूजानं वळून हरेशकडे बघितलं.

"वर म्हणजे काय ओ?"

"वर म्हणजे नाय," हरेश म्हणाला.