कट मागेल तेवढा

बाबासो बाकावर टेकला आणि बघतो तर टेबलावर स्टीलची एक बादली. भातुकलीतली शोभावी एवढीच. झाकणाच्या खाचेतून पळीचा दांडा वर आलेला. त्यानं झाकण उचललं. आत काठोकाठ कट, मिसळीवर घ्यायचा तांबडाजर्द रस्सा, वर तेलाचा तवंग. शेजारच्या टेबलावरही तशीच बादली होती. त्याच्या पलीकडंही.

भिंतीवरची पाटीसुद्धा बदलली होती. 'कट मागेल तेवढा मिळेल' हे पुसून तिथं ताज्या रंगात 'कट आपल्या हाताने घ्यावा' असं लिहिलं होतं.

आकारामनं मिसळीची प्लेट आणि पावाच्या दोन स्लाइस समोर ठेवल्या आणि तो वळलाही. गेली दोन वर्षं दर रविवारी हाच आकाराम त्याला कट वाढत आला होता.

"कट?" बाबासोनं विचारलं.

"हाय की म्होरं. मालकानं नवीन काढलंय. आता कुणाला ताटकळायला नगं."

आता बाबासो इथं ताटकळायलाच येत होता, हे मालकाला कोण सांगणार?

गारगोटीहून बदली होऊन आलेला हा पाटबंधारे खात्यातला कारकून. बायको ललिता जाऊन दोन वर्षं झाली होती, लेक दीक्षा शिरोळला आपल्या संसारात होती. शनिवारी ऑफिसातून निघताना शिपायाला "येतो" म्हटलं की पुढचा शब्द तोंडातून थेट सोमवारी निघायचा. मधला अख्खा रविवार खायला उठायचा.

म्हणून ही मिसळ. नाहीतर तिखटाचं आणि त्याचं कधी जमलं होतं? गारगोटीला असताना ललिता त्याच्यासाठी आमटी वेगळी काढून ठेवायची. पण इथं कट वाढायला माणूस यायचा. खांद्यावर फडकं टाकून आकाराम टेबलाशी थांबायचा, तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "पावणं, कट वाढू?" बाबासो म्हणायचा, "वाढा." पळी प्लेटीत उपडी होईपर्यंत आणखी एखादं वाक्य व्हायचं. "दाढी केली न्हाय जणू आज." "खोकला बरा झाला न्हवं?" स्लाइस चिमटीचिमटीनं तोडत, शेव पुरवून पुरवून खात बाबासो एका मिसळीवर पाच वेळा कट घ्यायचा. म्हणजे पाच वेळा कुणीतरी त्याला काहीतरी विचारायचं. दोन वर्षांत आकारामनं त्याचं नाव विचारलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण आठवड्याला पाच प्रश्नही काही थोडे नव्हते.

आज आकाराम लांबच्या टेबलांवर नुसत्या प्लेटा ठेवत होता आणि उचलत होता. बाबासोनं दोनदा त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा आकारामनं बादलीकडं बोट केलं आणि तो हसला.

बाबासोनं बादलीकडं बघितलं. मग त्याच्या डोक्यात आलं, बादली आहे म्हणजे ती कधीतरी संपणार. संपली की भरायला कुणाला तरी यावंच लागणार.

त्यानं पळी भरून कट घेतला. मग दुसरी पळी घेतली. स्लाइस संपल्या, शेव कधीच संपली होती. तो चमच्यानं नुसता कट प्यायला लागला. कपाळावर घाम आला, कान तापले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चार पळ्या झाल्यावर पोटात कळ आली. दोन मिनिटं तो बाकाची कड धरून बसला आणि पुन्हा पळी बुडवली.

"पावणं लई दमाचं दिसत्यात," शेजारच्या टेबलावरचा एकजण आपल्या जोडीदाराला म्हणाला. बाबासोनं मान वर केली, पण तोवर ते दोघं उसाच्या बिलावर बोलायला लागले होते.

शेवटी पळी तळाला लागली. बाबासोनं ती बादलीवर दोनदा वाजवली.

"आकाराम, संपला."

आकाराम आला. त्यानं आधी बादलीत बघितलं आणि मग बाबासोच्या तोंडाकडं. सकाळपासून बाबासो याचीच वाट बघत होता.

"सगळा?"

"व्हय."

"आवो, आग पडंल की पोटात. घरात कोण वरडत न्हाय व्हय तुमास्नी?"

एवढा मोठा प्रश्न त्याला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. बाबासोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. घरात कोण न्हाय, एवढंच सांगायचं होतं, पुढचं पुढं बोलता आलं असतं. पण घशातल्या जाळानं ठसका लागला. तो टेबलावर वाकून खोकत राहिला. आकारामनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. खोकला थांबेपर्यंत गल्ल्यावरून मालकाची हाक आली होती, आणि ग्लास खाली ठेवून बाबासोनं डोळे पुसले तेव्हा टेबलाशी कुणी नव्हतं.

तो बसून राहिला. उत्तर तयार होतं. आकाराम परत आला की द्यायचं होतं.

आकाराम आला. दोन्ही हातांत एकेक भरलेली बादली होती. एक त्यानं बाबासोच्या उजव्या हाताशी ठेवली, दुसरी डाव्या. खांद्यावरच्या फडक्यानं त्याच्यापुढची सांडलवंड पुसून घेतली. त्याच्या चेहऱ्यावर खरी माया होती.

"बसा निवांत, पावणं," तो जाता जाता म्हणाला. "आता हाक मारायला लागायची न्हाय."