सहावं बटण

या, जरा पुढे सरका. ही मागे बसून ऐकायची गोष्ट नव्हे. एका चुकलेल्या उत्तराची आहे, आणि ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढा शब्द माझा.

तर बालवर्गाच्या बाईंनी टेबलावर एक बटण ठेवलं आणि विचारलं, "किती?"

भिंगरीने वाकून नीट पाहिलं. "अजून एकही नाही."

पोरं खिदळली. बाईंनी शेजारी दुसरं बटण ठेवलं. "आता?"

"आता एक झालं."

चार ठेवली, तर म्हणाली दोन. तेही न चाचरता, अगदी खणखणीत आवाजात. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाईंना खुणेने बाहेर बोलावलं.

"पोर गोड आहे हो. पण पंधरवडा झाला, तिच्या डोक्यात आकडा काही शिरत नाही. अशा मुलांची वेगळी शाळा आहे परगावी. राहायची सोयही तिथेच. मधल्या सुट्टीत तिच्या आजोबांना बोलावलंय. आजच सांगून टाकू."

भिंगरीला आजोबांशिवाय कुणी नव्हतं, आणि आजोबांना भिंगरीशिवाय. म्हातारा बूट शिवायचा. पुढे दुकान, मागे शेगडी आणि दोन अंथरुणं, एवढाच त्यांचा संसार. पोर पाळण्यात नव्हे, बुटांच्या रिकाम्या खोक्यात वाढली. तिला तिथून उचलून परगावी ठेवायची, हे काही बाईंच्या मनाला पटेना. मधली सुट्टी व्हायला फार वेळ नव्हता.

बाईंनी बाकीच्या मुलांना अंगणात सोडलं आणि भिंगरीसमोर मूठ उघडली. पाच बटणं होती. देवाचं नाव घेऊन विचारलं, "शेवटचं विचारते हं, बाळा. किती?"

"दोन," भिंगरी म्हणाली. मग खाली उतरून बाकाखाली रांगायला लागली.

"अगं, काय झालं?"

"थांबा ना, बाई. एक इथेच पडलंय कुठेतरी."

"कोण पडलंय?"

"याचा जोडीदार!"

बाई आधी बघतच राहिल्या. मग कपड्यांचा विचार न करता त्याही बाकाखाली शिरल्या. धुळीत दोघी समोरासमोर.

"आणि जोडीदार नाहीच सापडला तर?"

"तर मोजायचं नाही. एक बूट फाटला तरी आजोबा दोन्ही आणायला लावतात. एकटा ठेवून घेतला की हरवतो. दोन आले की मग म्हणतात, भिंगरे, एक आलं गं!"

बाईंना असं हसू फुटलं की डोकं बाकावर आपटलं. मग आपटलं म्हणून आणखी हसू. पोरीला मोजता येत होतं की! पंधरा दिवस ती मुकाट्याने जोड्या मोजत होती. मनातल्या मनात म्हणतही असेल, ही सगळी पोरं चुकतात आणि बाई त्यांनाच शाबासकी कशी देतात?

"ऐक," बाई म्हणाल्या, "शाळेत प्रत्येकाला मोजायचं. एकेकाला."

"एकटं असेल त्यालापण?"

"त्यालापण."

भिंगरीने त्या पाचव्या बटणावरून बोट फिरवलं. "मग बरंय. त्याला वाईट नाही वाटणार."

देवाच्या दारीसुद्धा हिशोब असाच असतो म्हणतात. एकटा आला तरी तो मोजला जातो.

इतक्यात मोठ्या बाई आल्या. मागून डिंकाने माखलेले हात पुसत आजोबा. काय ऐकावं लागणार याचा त्यांना अंदाज होता, म्हणून मान खालीच. बाईंनी घाईघाईने सगळं सांगितलं आणि पेन्सिली पुढे केल्या. भिंगरीने एकेकीला बोट लावलं.

"आठ. दुकानात चार."

आजोबांनी मान वर केली. पण मोठ्या बाई सहजासहजी पटवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पेन्सिलींचं तुम्ही आत्ताच पढवलं असेल. मी विचारते. भिंगरी, तुझ्या घरी माणसं किती?"

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं.

"एक."

"बघा," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलं नव्हतं.

बाई पुढे धावल्या. "अगं राणी, असं काय करतेस? एकेकाला मोजायचं ठरलं ना आपलं?"

"बटणांना. पेन्सिलींना," भिंगरी म्हणाली. तिने आजोबांचा काळा, चिकट अंगठा मुठीत घट्ट धरला. "आम्हाला नाही. आजोबा आणि मी. एक."

आजोबा दुसऱ्या हाताने उगीचच टोपी नीट करत राहिले. मोठ्या बाई त्यांच्याकडे वळल्या.

"आजोबा, माझ्या उजव्या चपलेचा पट्टा निघालाय. उद्या हिच्याबरोबर पाठवते. हिला शाळा सुटली की रोज घरी जायचंच आहे."

"दोन्ही पाठवा हं," भिंगरीने बजावलं. "एकटी आम्ही घेत नाही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले ते आजोबा.

झालं, गोष्ट एवढीच. आज निजण्याआधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या दोघांची आठवण ठेवा. दोघांची म्हटलं का? चुकलं. त्या एकाची.