लेकीच्या पाठीमागची खुर्ची

त्या मुलीने पुन्हा मान वर केली. पटावरून नजर उचलली, समोरच्या खेळाडूच्या डोक्यावरून प्रेक्षकांत कुठेतरी टाकली, क्षणभर तिथेच ठेवली, आणि मग घोडा उचलून नेमका हवा त्या घरात बसवला. काटेसाहेबांनी मनात मोजलं. ही सहावी वेळ होती.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं दुकानोदुकानी वजनकाटे तपासत फिरल्यामुळे बाजाराने ते त्यांना चिकटवलं होतं. पारड्याखाली शिशाचा तुकडा कोणी लावलाय, हे त्यांना दुकानदाराच्या बोलण्यावरूनच कळायचं. माणूस जरा जास्त गोड बोलायला लागला, की काटेसाहेब सरळ काटा उलटा करून बघत.

आज शेवटची फेरी. राष्ट्रीय संघात मुलींच्या पाच जागा, त्यातल्या चार भरलेल्या. पाचवीसाठी त्यांच्या लेकीला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे नुसती बरोबरी. समोरची मुलगी क्रमवारीत कितीतरी खाली. तरी तासाभरात लेकीचं एक प्यादं गेलं होतं. बाविसाव्या खेळीला तिचा उंट चुकीच्या घरात गेला, तो असा की कुणाच्या सहजी लक्षात येऊ नये. काटेसाहेबांच्या आला, कारण सहाव्या वर्षापासून लेकीला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या मुलीला कसा दिसला? मान वर, मान खाली, आणि प्यादं गट्टम. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे नक्की.

आणि लेक सकाळी काय म्हणाली, तर "बाबा, आज तुम्ही बाहेरच थांबा ना. तुम्ही आत बसलात की मी हरते." काटेसाहेब हसले होते. एवढी हुशार पोर आणि असल्या खुळचट समजुती. शिवाय ते बसायचे कुठे, तर दरवेळी बरोब्बर तिच्या पाठीमागे, दोरीला लागून पहिल्या रांगेत. आपला चेहरा दिसून पोरीवर दडपण येऊ नये म्हणून. इतका विचार कुठला बाप करतो?

त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. दुसऱ्या रांगेत तपकिरी जाकीट घातलेला एक माणूस मांडीवर थर्मास घेऊन बसला होता. त्या मुलीचा मामा. सकाळी दारात तिची पिशवी यानेच धरली होती. फोन सगळ्यांचेच दारातल्या टेबलावर, नाव घातलेल्या पाकिटांत बंद. म्हणजे खाणाखुणाच. मामाने घोट घेतला. मुलीने खेळी केली. मामाने मोठा घोट घेतला; मुलीने हत्ती हलवला. काटेसाहेबांनी खिशातल्या जुन्या तिकिटामागे घोट टिपायला सुरुवात केली. संपत कसा नाही याचा चहा?

पाच घोट झाल्यावर ते उठले. प्रेक्षकाने खेळाडूशी एक शब्द बोलायचा नाही, तक्रार असेल तर पंचांच्या कानात सांगायची, असा नियम. पंचबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मामाला थर्मासासकट पार पलीकडे, खिडकीजवळ नेऊन बसवलं.

काटेसाहेब आपल्या खुर्चीत परत येऊन बसले. लेकीने हत्ती सरकवला. त्या मुलीने मान वर केली. खिडकीकडे नाही, पुन्हा तिथेच.

म्हणजे साथीदार दुसराच कुणीतरी आहे. काटेसाहेबांचा संताप झाला. ते पुन्हा पंचबाईंकडे गेले. "मॅडम, तुम्ही तिलाच विचारा. कुणाकडे बघते ते माझ्यासमोर सांगू दे."

पंचबाईंनी घड्याळ थांबवलं आणि मुलीला दारातल्या टेबलाशी बोलावलं. पंधराएक वर्षांची पोर, बोटांना शाई लागलेली. घाबरलेली मुळीच दिसत नव्हती.

"सारखी कुणाकडे बघतेस गं?"

"या काकांकडे." तिने काटेसाहेबांकडे बोट दाखवलं. "तिची खेळी चुकली की हे चष्मा काढून पुसायला लागतात. मग मी जरा जास्त वेळ शोधते. आम्हा सगळ्या मुलींना माहितीये ते, गेल्या वर्षीपासून."

काटेसाहेबांना गेल्या वर्षभरात लेक हरलेले डाव एकेक करून आठवायला लागले. प्रत्येक डावात ते त्याच खुर्चीत होते.

"कुठे बघायचं याला काही नियम नाही हो," पंचबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबता का?"

त्यांनी मान हलवली. लाज एवढी वाटत होती की लेकीकडे बघायचाही धीर होईना. मुलगी जागेवर जाऊन बसली, घड्याळ सुरू झालं. काटेसाहेबांनी सही करून फोनचं पाकीट घेतलं, तोवर तिची खेळी झालीही होती. त्यांनी दाराची मूठ धरली. आता फक्त बाहेर पडायचं होतं. प्यादं गेलं असलं तरी डाव अजून गेला नव्हता. राजा मधे आणला की बरोबरी, आणि एवढं तर लेकीला झोपेतही कळतं.

फक्त एकदाच, म्हणून ते वळले. लेकीने राजा उचलला आणि मधे न्यायचा सोडून कोपऱ्यात नेऊन ठेवला.

हातात काहीतरी आहे असं वाटून त्यांनी खाली पाहिलं. चष्मा होता. पुन्हा मान वर केली, तेव्हा त्या मुलीची नजर रिकाम्या खुर्चीवरून सरकत दारापर्यंत आली होती.