बसले हं

"आले हं," म्हणत ती आत शिरली. दार लोटलं, खुर्ची ओढली आणि टेकता टेकता म्हणाली, "बसले."

टेबलापलीकडच्या दोघांनी माना वर केल्या. एक टायवाला अधिकारी, तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्याच्या शेजारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, पिकल्या केसांच्या, पेनाचं टोपण दातात धरलेल्या. ती बसलेली दोघांनाही चांगली दिसत होती. तिने जीभ चावली.

जागा चौकशीच्या फोनवरची होती. तिची ही तिसरी मुलाखत. आधीच्या दोन ठिकाणी "कळवू" म्हणाले होते आणि कोणी काही कळवलं नव्हतं. पैशाचं कसंबसं भागत होतं. पण सकाळी आवरून कुठेतरी जायचं होतं तिला, जिथे कोणी तिला काहीतरी विचारेल.

वहिनीने चार पानं भरून उत्तरं लिहून दिली होती आणि रविवारी आपल्या घरी बोलावून, समोर बसवून घोटून घेतली होती. हसून बोलायचं. पाल्हाळ लावायचं नाही, पण एका शब्दात तोडायचंही नाही. आणि निघताना वर बजावलं होतं, "ताई, ते तुमचं नेहमीचं तिथे सुरू करू नका हं."

अधिकाऱ्याने अनुभव विचारला. तिने नाही म्हणून सांगितलं. मग त्याने तिचा एखादा दोष विचारला. हे दुसऱ्या पानावर होतं. "मी कामात जरा जास्तच चोख असते, हाच माझा..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द अधिकाऱ्याने तिच्याबरोबरच उच्चारला. सकाळपासून हा दोष असलेल्या तुम्ही पाचव्या, असं त्याने सांगितलं. तिला हसू आलं नाही, पण पानावर हसायचं लिहिलं होतं म्हणून ती हसली.

तो अर्जाकडे हात लांबवायला लागला तसा तिच्या तोंडून शब्द निसटलाच. "पेला कोपराजवळ आहे. भरलेला आहे हं."

"रेडिओवर सामन्याचं धावतं वर्णन करायचात का तुम्ही?" त्याने विचारलं. पेला मात्र बाजूला सरकवला.

तिला वाटलं, झालं. आता उठावं आणि जावं. कानांच्या पाळ्या तापल्या. वहिनीला काय सांगायचं, तेही तिने मनात जुळवायला घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी दातातलं टोपण काढलं. खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून त्या बसल्या.

"मी फाटकाशी उभी आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच आलेय आणि घाबरलेय. फोन तुम्ही उचललात. मला या खोलीत आणा."

हे तिसऱ्या पानावर होतं: नम्रपणे स्वागत करून योग्य ते मार्गदर्शन करीन. पण समोर नुसती एक पाठ होती, वाट बघणारी. पान तिच्या डोक्यातून कुठे गेलं तिलाच कळलं नाही.

"आत या," ती म्हणाली. "पायाखाली खडी लागेल. ती संपली की जरा थांबा. डावीकडून औषधांचा वास येईल, तिकडे वळायचं नाही. सरळ. आता चार पायऱ्या. कठडा उजव्या हाताला आहे, लोखंडी आहे, गार लागेल. दुसऱ्या पायरीला जपून, तिची कड तुटलीय. चढलात? आता गार वाटेल, म्हणजे आपण आत आलो. घाई नाही. लिफ्टचं दार पटकन मिटतं, म्हणून आधी हात आत घालायचा, मग पाय. तिसरा मजला. बाहेर पडल्यावर उजवीकडे माणसांचा आवाज असेल, बाकांवर बसलेत सगळे. त्यांच्या पुढून या. तिसरं दार. मूठ थोडी ढिली आहे. आलात. खुर्ची इथे आहे, बसा."

"दुसरी पायरी तुटलीय?" अधिकाऱ्याने विचारलं. तो सहा वर्षं रोज ती चढत होता.

डॉक्टरीणबाई वळल्या नाहीत. "घरी कोणाला दिसत नाही?"

"आईला," ती म्हणाली. मग म्हणाली, "दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं. माघात गेली."

"आणि आता घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग आले, बसले, हे कोणाला सांगता?"

हे कुठल्याच पानावर नव्हतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"भिंतींनाच सांगते म्हणा," ती म्हणाली. "तोंडाला सवय झालीय. दार लावते, दिवा मालवते, सगळं सांगते. फक्त पलीकडून उत्तर येत नाही, एवढंच."

अधिकाऱ्याने घसा साफ केला आणि तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी घालायला उचलला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची वळवली, तो त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या पुढ्यात ठेवला. अधिकारी म्हणाला, "कळवू."

हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिने पर्स उचलली, खुर्ची होती तशी आत सारली आणि दारापाशी गेली.

"निघते हं," ती म्हणाली. "दार ओढून घेते."

यावेळी तिने जीभ चावली नाही. बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"बरं," आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "दुसऱ्या पायरीला जपून."

बाकांवरची माणसं तिच्याकडे बघत होती. पुढचं नाव पुकारलं गेलं तरी ती तिथेच उभी होती, दाराची ती ढिली मूठ हातात घट्ट धरून.